शहाद्याची साक्ष

पाऊस सरला, दिवाळी मागे पडली आणि पहाटेचा वारा अंगाला बोचू लागला की वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी दिसू लागते. अमुक तलावावर तमुक दुर्मीळ पक्षी आढळला. सोबत एक फोटो आणि खाली चार ओळी. आपण ती वाचतो, ‘छान’ म्हणतो आणि पान उलटतो. ही बातमी खरी कशी ठरली, ती देणाऱ्यावर विश्वास का ठेवायचा, आणि ती खोटी असेल तर कुणाचे काय बिघडते, असे प्रश्न सहसा आपल्याला पडत नाहीत.

आमच्या खानदेशात या प्रश्नांशी थेट नाते असलेला एक पक्षी राहतो. त्याचे नाव रानपिंगळा. वीतभर उंचीचे हे घुबड तब्बल ११३ वर्षे जगाच्या लेखी नाहीसे झाले होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी ते शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसले. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नव्या नंदुरबार जिल्ह्यात आले. जगभरचे पक्षीतज्ज्ञ ज्या गावाचे नाव जाणतात, ते आपल्या इतक्या जवळ असून आपण कधी गेलो नाही, याची रुखरुख आम्हाला होतीच. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी शहादा आणि तोरणमाळचा बेत ठरला. आम्ही म्हणजे आम्ही दोघे शिक्षक नवरा-बायको, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली अम्मी.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या नंदुरबार स्थानकात उतरलो आणि पहिली सलामी दिली ती मिरचीने. नंदुरबारच्या मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. या दिवसांत गावाबाहेर पथारींवर ओली लाल मिरची वाळत घातलेली असते. नजर जाईल तिथपर्यंत जमीन लालभडक. बायामाणसे डोक्याला फडकी बांधून मिरची खालीवर करत होती. धाकट्याला शिंकांवर शिंका सुरू झाल्या आणि अम्मीने ओढणी नाकाला लावली. नंदुरबार आम्हा शिक्षकांना आणखी एका कारणासाठी ठाऊक असते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथे तिरंगा घेऊन निघालेला शाळकरी शिरीषकुमार गोळीबारात शहीद झाला. त्याच्या स्मारकापाशी मुलांना घेऊन थोडा वेळ थांबलो आणि मग शहाद्याची वाट धरली.

वाटेत प्रकाशे लागते. तापी आणि गोमाई यांचा इथे संगम आहे, आणि मंदिरांमुळे या गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. बंधाऱ्यामुळे तापीचे पात्र इथे रुंद झाले आहे. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून आम्ही काठावर उतरलो. वाळूच्या पट्ट्यावर नारिंगी-तपकिरी रंगाची मोठी बदके जोडीजोडीने बसली होती. चक्रवाक. लडाख, तिबेट आणि मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून हे पाहुणे हिवाळ्यापुरते आपल्याकडे येतात. चिखलात शेपटी वरखाली करत धोबी पक्षी पळत होते. बांधावरच्या गवतात चोच खुपसत फिरणारा एक तुरेवाला पक्षी मुलीने सगळ्यात आधी ओळखला. “दादी, हुदहुद!”

अम्मीने हात कपाळाशी धरून पाहिले आणि तिथेच उभ्या उभ्या नातवंडांना हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांचा किस्सा सांगितला. पक्ष्यांच्या हजेरीत हुदहुद नव्हता. थोड्या वेळाने तो आला आणि म्हणाला, मी सबाच्या देशातून पक्की खबर आणली आहे. तिथे एक राणी राज्य करते. सुलैमानांनी ती खबर लगेच मानली नाही आणि झिडकारलीही नाही. तू खरे बोललास की खोटे ते आम्ही पाहू, असे सांगून त्यांनी त्याच्याचजवळ पत्र देऊन त्याला परत पाठवले. हा किस्सा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तापीकाठी तो ऐकताना प्रथमच वाटले की पक्ष्यांविषयीची कुठलीही बातमी कशी तपासावी, याचा हा धडाच आहे. शहाद्याच्या पक्ष्याची कहाणी मुलांना सांगायला यापेक्षा चांगली सुरुवात मिळाली नसती. केळी आणि पपईच्या बागांमधून जाणाऱ्या उरलेल्या रस्त्यात आम्ही ती सांगितली.

कहाणी सुरू होते १८७२ च्या डिसेंबरात. आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला एक अनोळखी पिंगळा मिळाला. अॅलन ह्यूम यांनी पुढच्या वर्षी, १८७३ मध्ये, ही वेगळी जात असल्याचे जाहीर केले आणि तिला ब्लेविटचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. पक्षीशास्त्रात त्यांचे काम फार मोठे आहे. त्यानंतर खानदेशात नेमणुकीवर असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात शहादा-तळोदा परिसरातून या पक्ष्याचे आणखी नमुने गोळा केले. त्या काळी दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नव्हते. पक्षी मारून, त्याच्या कातडीत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून तो संग्रहालयात पाठवायचा, अशी रीत होती. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचे नाव. ती चिठ्ठी म्हणजेच त्या पक्ष्याची साक्ष. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे असे सातच नमुने होते.

१८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसला नाही. अपवाद एकच होता, कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यांचा. हे ब्रिटिश लष्करातले अधिकारी, पक्षीशास्त्रातले बडे नाव. १९१४ मध्ये तापीच्याच काठी, पण गुजरातेतल्या मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळवला, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या संग्रहात तसा नमुनाही होता, चिठ्ठीसकट. इतक्या मोठ्या माणसाच्या शब्दावर शंका कोण घेणार?

आपल्या देशातले सर्वात मोठे पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचे नाव इथे या कहाणीत येते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सालिम अली लहानपणीच आई-वडिलांना पारखे झाले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. गळ्यावर पिवळा डाग असलेल्या एका चिमणीची ओळख पटवायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तिथून एका आयुष्याची दिशा ठरली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाठ्यपुस्तकात वाचले असेल. सालिम अलींनी आणि त्यांचे अमेरिकी सहकारी डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला होता. तो सापडला नाही. शोधणाऱ्यांच्या हातात जी माहिती होती, तिच्यात माइनर्टझागेनची ती खोटी नोंदही होती. सालिम अली १९३७ मध्ये याच माइनर्टझागेनबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. सालिम अली १९८७ मध्ये वारले. रानपिंगळा त्यांना दिसला नाही तो नाहीच.

खोटेपणा उघड केला तो पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या एका मोठ्या ग्रंथासाठी त्या संग्रहालयांतले जुने नमुने एकेक करून तपासत होत्या. माइनर्टझागेनच्या नमुन्यांत त्यांना गफलती दिसू लागल्या. या गृहस्थांना ब्रिटिश संग्रहालयाच्या पक्षीदालनात येण्यास एकदा मनाईही झाली होती, असा जुना इतिहास होताच. त्यांच्या रानपिंगळ्याची बारकाईने तपासणी झाली. शिवण, आतले भरण, मूळ कातडी काढण्याची पद्धत, सगळे पाहिले गेले. निष्कर्ष असा निघाला की हा पक्षी १९१४ चा नव्हताच. तो डेव्हिडसननी खानदेशातून पाठवलेल्या नमुन्यांपैकीच एक होता. तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती.

मुलीने विचारले, “पण असं करून त्याला काय मिळालं?” नावलौकिक, एवढेच उत्तर आम्हाला देता आले. एका चिठ्ठीवर चार खोटे शब्द, आणि जग अनेक वर्षे त्या चार शब्दांवर विसंबून राहिले. पक्षी १८८४ पर्यंत दिसला होता, की १९१४ पर्यंत? मांडवीला होता, की नव्हता? सगळा हिशेबच त्या चिठ्ठीने बिघडवून ठेवला होता.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर खऱ्या नोंदी उरल्या. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोध घेतला. तिथे काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवून शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेले एक छोटे घुबड दिसले. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय जाडजूड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तोच होता. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले, म्हणजे आता चिठ्ठीसाठी पक्षी मारण्याची गरज उरली नव्हती. एका इंग्रज अधिकाऱ्याने ११३ वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेले गावाचे नाव अखेर कामी आले.

उर्दू शिकवणाऱ्याला इथे एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. ‘शहादत’ म्हणजे साक्ष, ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार, आणि ‘शहीद’ हा शब्दही त्याच मुळातला. गावाचे नाव शहादा असणे हा निव्वळ योगायोग. पण ज्या गावी एका पक्ष्याची खरी साक्ष खोट्या साक्षीवर मात करून उभी राहिली, त्याला हे नाव शोभते खरे.

रात्री शहाद्यात मुक्काम केला. फजरची नमाज झाली तेव्हा बाहेर अंधार होता. आदल्या दिवशी ठरवलेली जीप दारात उभी होती. चालवणारा तरुण पावरा समाजातला, तोरणमाळच्या बाजूचाच. म्हसावद मागे पडले, शेते संपत आली आणि समोर सातपुडा काळ्या भिंतीसारखा उभा राहिला. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आम्ही पुढे निघालो. घाटाच्या पायथ्याशी, सूर्य वर येण्याच्या बेताला, आम्ही गाडीतून उतरलो.

ज्यांच्या डोळ्यांसमोर जंगल म्हटले की कोकणातली दाट हिरवाई येते, त्यांना हे जंगल निराळे वाटेल. इथे झाडे विरळ आहेत. साग, सालई, मोह, अंजन. सागाची मोठाली पाने कडेने पिवळी पडू लागली होती. सालईच्या काही फांद्या अगदी उघड्या होत्या. रानपिंगळ्याला असेच मोकळे जंगल लागते. इतर घुबडांसारखा तो रात्रीच्या भरवशावर राहत नाही. दिवसाउजेडी शिकार करतो, आणि थंडीच्या सकाळी झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. पाली, सरडे, उंदीर, टोळ हे त्याचे खाणे. झाडाच्या ढोलीत त्याचे घरटे असते.

त्याचा जवळचा नातलग, आपला नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा, आम्हाला वस्तीजवळच भेटला होता. एका जुन्या आंब्याच्या ढोलीपाशी जोडी बसली होती आणि डोक्यावरचे पांढरे ठिपके दुर्बिणीतून मोजता येतील इतके स्पष्ट होते. मुलांना आम्ही बजावून ठेवले होते: दोघांतला पहिला फरक डोक्यावर पाहायचा.

साडेआठच्या सुमारास गाडीवाल्या तरुणाने हाताने खूण केली. दूरवर, दरीच्या पलीकडच्या उतारावर, एका उघड्या सालईवर काहीतरी गोल बसले होते. तोंड सूर्याकडे. दुर्बीण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली. छातीचा तपकिरी रंग दिसला. शेपटीची झटकन एक हालचाल दिसली. मग तो पक्षी खाली झेपावला आणि झुडपांत दिसेनासा झाला. सगळे मिळून अर्धा मिनिटसुद्धा झाले नसेल.

“रानपिंगळा!” धाकटा ओरडलाच.

“तोच आहे सर,” गाडीवाला म्हणाला. “याच बाजूला असतो. लिहून घ्या.”

नोंदवही मुलीकडे होती. ती लेखणी हातात घेऊन आमच्याकडे पाहत राहिली. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हा सर्वांनाच ते नाव लिहावेसे वाटत होते. इतक्या लांबून आलो होतो. शाळेत सोमवारी सांगायला मोठी गोष्ट झाली असती. तारीखही काय जुळून आली होती! आणि त्या उतारावर जाऊन आमचे लिहिणे तपासणार होते तरी कोण?

आम्ही तिला एवढेच विचारले, “डोके पाहिलेस?”

“फांदी मध्ये होती.”

“मग डोक्यावर ठिपके नव्हते, की तुला ठिपके दिसले नाहीत?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. भाषा शिकवताना आम्ही वर्गात क्रियापदे सांगतो, काळ सांगतो. ‘नव्हते’ आणि ‘दिसले नाहीत’ यांत किती अंतर आहे, हे वर्गात इतके स्पष्ट कधी सांगता आले नसेल. अम्मी जीपच्या सावलीत बसून सगळे ऐकत होती. तिने आपल्या दखनीत नातीला सांगितले, “जितना देखी उतनाच लिख, बेटा.”

मुलीने लिहिले: ‘सकाळी ८:३५. पिंगळ्याएवढे घुबड, उघड्या सालईच्या शेंड्यावर, उन्हात. छाती तपकिरी. शेपटी झटकली. डोके फांदीच्या आड, त्यामुळे ठिपके आहेत की नाहीत ते कळले नाही. ओळख निश्चित नाही.’

नंतर दोन तास आम्ही तिथेच बसून होतो. मोर दिसले, नीलपंख दिसला, सातभाईंचा कलकलाट झाला. तो पक्षी काही परत आला नाही. धाकट्याचे तोंड एवढेसे झाले होते. गाडीवाल्याने त्याला बोरे काढून दिली तेव्हा कुठे स्वारी हसली.

वर तोरणमाळला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. हजार मीटरहून उंचावरच्या या पठारावर हवा थंड होती. यशवंत तलावाचे पाणी वाऱ्याने थरथरत होते. सीताखाईच्या कड्यावरून दूरवर सातपुड्याच्या रांगा एकामागे एक दिसत होत्या. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पिठले असे जेवण झाले. जेवताना गाडीवाल्या तरुणाने आपण होऊन एक गोष्ट काढली. दिवाळीच्या आधी बाहेरची माणसे खेड्यांतून फिरतात आणि घुबड मिळेल का असे विचारतात, पैसे देऊ करतात. कशासाठी ते सांगायची गरज नव्हती. गुप्तधन, करणी, अमावस्येची पूजा. घुबडांच्या या चोरट्या व्यापारावर अब्रार अहमद या अभ्यासकाने केलेला अहवाल २०१० मध्ये ट्रॅफिक इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केला आहे. रानपिंगळा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे वा मारणे हा गंभीर गुन्हा आहे.

वाचकहो, हे लोक आणि आपण निराळे, असे म्हणून सुटता येणार नाही. आपल्या मोहल्ल्यांतही घुबड घरावर बोलले की बाया दचकतात. ‘मनहूस’ हा शब्द सहज तोंडी येतो. ‘उल्लू बोलणे’ म्हणजे घर उजाड होणे, असे आपणच म्हणतो. इस्लामपूर्व अरबांतही अशीच समजूत होती. खून झालेल्या माणसाच्या डोक्यातून घुबडासारखा एक पक्षी निघतो आणि सूड उगवेपर्यंत तहानेने ओरडत राहतो, असे ते मानत. त्याला ते ‘हामा’ म्हणत. पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी पक्ष्यांवरून शकुन पाहणे आणि ‘हामा’ या दोन्हींना थारा दिला नाही. सहीह बुखारीत हे स्पष्ट आले आहे. चौदाशे वर्षांपूर्वी जे खोटे म्हणून सांगितले गेले, ते आपण आजही छपरावरच्या बिचाऱ्या पक्ष्याला चिकटवतो. तीही एक खोटी साक्षच. कर्नलने पक्ष्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली. आपण त्याच्या आवाजाला बांधतो.

रानपिंगळ्याला धोका फक्त अंधश्रद्धेचा नाही. त्याला लागणारी जुनी, ढोलीची झाडे सरपणासाठी आणि शेतीसाठी तुटतात. उन्हाळ्यात वणवे लागतात. उंदरांसाठी आणि पिकांवर घातलेले विष उंदरा-सरड्यांतून त्याच्या पोटात जाऊ शकते. ज्या तळोद्याच्या जंगलाचे नाव डेव्हिडसनच्या नोंदींत येते, तिथले काही हजार हेक्टर राखीव वन १९९० च्या दशकात सरदार सरोवर धरणाच्या विस्थापितांसाठी मोकळे करण्यात आले. ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांना जमीन मिळायलाच हवी होती. म्हणून या गोष्टीत कुणा गरिबाकडे बोट दाखवता येत नाही. पण धरणाची किंमत माणसांबरोबर या पक्ष्यानेही मोजली, एवढे लक्षात ठेवायला हवे.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. १९९७ नंतर शोध थांबला नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या जंगलात या पक्ष्याचा आवाज, घरटे आणि पिलांचे संगोपन यांचा अभ्यास केला. एक तरुण मुस्लिम मुलगी या डोंगरांत राहून एका हरवलेल्या पक्ष्याची माहिती जगासमोर आणते, ही गोष्ट आम्ही मुलीला मुद्दाम सांगितली. पुढे मेळघाटात रानपिंगळे चांगल्या संख्येने आढळले. यावल अभयारण्यात आणि मध्य प्रदेशातही नोंदी झाल्या. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या जंगलात तो दिसला, जिथे तो असेल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणले गेले. तरीही साऱ्या जगात प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. आणि जग म्हणजे इथे फक्त मध्य भारत. तो दुसऱ्या कुठल्याही देशात नाही.

आपल्यापैकी कुणाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नंदुरबारपर्यंत रेल्वे आहे, पुढे शहाद्यापर्यंत तासाभराचा रस्ता, आणि तोरणमाळ तिथून पन्नासेक किलोमीटर. पहाटे निघा. स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याचे योग्य पैसे द्या. घुबडाला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, ढोलीजवळ जाऊ नका, आणि घरटे दिसले तर त्याची जागा जाहीर करू नका. इतक्या लांब जाणे जमत नसेल तर गावचा तलाव आहे, शाळेच्या मागचे वडाचे झाड आहे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या आठवड्यात मुलांना घेऊन एक सकाळ बाहेर काढणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

मुलांच्या हाती एक साधी वही द्या. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी किती लांब होता, उजेड कसा होता, काय दिसले, काय दिसले नाही, असे रकाने आखून द्या. आज ‘ई-बर्ड’सारख्या संकेतस्थळावर कुणीही नोंद पाठवू शकतो, आणि दुर्मीळ पक्ष्याची नोंद आली की जाणकार मंडळी ती तपासून पाहतात. म्हणजे पाचवीतल्या मुलाची खरी नोंदही उद्या एखाद्या संशोधकाच्या उपयोगी पडू शकते.

आम्ही आमच्या शाळेत या महिन्यापासून असा एक तक्ता भिंतीवर लावला आहे. त्यात शेवटचा रकाना ‘ओळख निश्चित नाही’ असा आहे. मुले आधी त्या रकान्यात लिहायला लाजत होती. आता तो रकाना सगळ्यात भरलेला असतो, आणि मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर उभे राहून सहावी-सातवीची मुले तावातावाने वाद घालतात. पुढच्या नोव्हेंबरात, इन्शाअल्लाह, त्यांच्यापैकी काहींना घेऊन त्याच उतारासमोर बसायचा आमचा विचार आहे. तो पक्षी तिथे असेल, तर डोके फांदीबाहेर काढेलच कधीतरी.